ज्या दिवशी तू पैसे लावले नाहीस

मिलिंद,

विस्कॉन्सिनच्या शेरीफचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. तो माणूस फार सावकाश बोलत होता. सकाळी कामावर जाताना तुझा पिकअप बर्फावरून घसरला आणि झाडावर आदळला, बरोबर कोणी नव्हतं, त्रास झाला नसावा. माझा पहिला प्रश्न ऐकून त्याने तो मला पुन्हा विचारायला लावला. मी विचारलं होतं, "मागे दुसरी गाडी होती का?"

नव्हती. रस्त्यावर एकाच गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या आणि तू ब्रेक दाबला होतास हे त्यांवरून स्पष्ट दिसत होतं. मॅडम, हा अपघात आहे, असं शेरीफने पुन्हा सांगितलं. आता माझा त्यावर विश्वास बसला आहे. पण तू गेल्याचं कळल्यावर रडू येण्याआधी मला एका माणसाची भीती वाटली. गेली काही वर्षं या घराने कशी काढली, ते यात सगळं आलं.

मी नागपूरहून लग्न करून अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या या घरात आले तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. तुमच्या आई आदल्या वर्षी गेल्या होत्या. घरात तीन पुरुष आणि कपाटात डबाबंद सूप. तुझा दादा ऑफिसात, बाबा त्यांच्या केमिकल कंपनीत आणि तू शाळेतून आलास की मागच्या अंगणात, भिंतीवर बॉल आपटत. बाबा स्कॉलरशिपवर इथे शिकायला आले तेव्हा तू जेमतेम चालायला लागला होतास, त्यामुळे मराठी कळायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. मी विचारायची, "जेवलास का?" तू म्हणायचास, "नॉट येट, वहिनी." त्या 'वहिनी'त इतकी हक्काची भूक असायची की मी हातातलं काम टाकून पोळी लाटायला घ्यायची.

या देशात मला पहिली गोष्ट तू शिकवलीस, ड्रायव्हिंगच्याही आधी. टीव्हीसमोर जमिनीवर बसून तू मला बेसबॉल समजावून सांगायचास. मी म्हणाले, कॅचर म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर. तू हसलास. म्हणालास, नाही वहिनी, तो बॉसही असतो. कुठला बॉल टाकायचा ते तोच पिचरला बोटांनी खुणावतो. "एव्हरीबडी वॉचेस द पिचर. बट द कॅचर नोज."

कॅचरला ठाऊक असतं. पिचरचा खांदा आज दुखतोय, बॉल सोडताना त्याचा कोपर खाली येतोय, त्याचं घरी भांडण झालंय, हे सगळं स्टेडियमभर पसरलेल्या माणसांत एकट्या कॅचरला आधी कळतं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. पुढे तेच तुझ्या गळ्याभोवती आवळत गेलं.

शाळा संपल्यावर तुला बेसबॉलच्या टीमने कॅचर म्हणून घेतलं. आयोवातल्या लहान लहान गावांतून बसने फिरलास, गुडघे सुजवून घेतलेस, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या टीममध्ये आलास. आम्ही सगळे पहिल्यांदा बघायला गेलो ती दुपार मला स्वच्छ आठवते. तू आमच्यासाठी तुझ्या बरोबर मागच्या जागा मिळवल्या होत्यास. निवेदकाने आपलं आडनाव 'मेश-रॅम' असं काहीतरी उच्चारलं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते खेळ बघतच नव्हते. तू वाकून बसलेला आणि पाठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत मेश्राम. ज्या नावावरून त्यांना लहानपणी शाळेत दाराजवळ बसवलं होतं, ते नाव हजारो लोक वाचत होते. सामना संपल्यावर त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्याकडे लोक एकदाच बघतात, मिलिंद. दुसऱ्यांदा बघायला कोणी थांबत नाही. जप." तू म्हणालास, "आय नो, बाबा."

डग या घरात आला तो त्यानंतर दोनेक उन्हाळ्यांनी. रविवारची दुपार होती. तू त्याची ओळख करून दिलीस. हॉटेलांना मोठे फ्रिज पुरवण्याचा धंदा आहे, म्हणालास. नाशपतीची टोपली घेऊन आला होता. अतिशय नम्र माणूस. बाबांना सर म्हणाला, माझ्या हातची भजी तीनदा मागून घेतली. जाताना माझ्या मुलीसमोर, रश्मीसमोर, गुडघ्यावर बसला. तेव्हा ती पहिलीत होती. त्याने तिला तिच्या शाळेचं नाव सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. तिच्या बाईंचंही सांगितलं. मग उठून माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "छान शाळा आहे. मी त्या बाजूने नेहमी जातो."

रश्मी म्हणाली, "मॉम, ही इज नाइस." मी तुझ्याकडे पाहिलं. तू नाशपतीकडे बघत होतास.

त्या नाशपती मी कुणाला खाऊ दिल्या नाहीत. तुझा दादा मला हसला. पण मी तुझ्यावर नजर ठेवायला लागले. घरात फोन असताना तू दूध आणायला म्हणून बाहेर पडायचास आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावरच्या फोनवरून बोलायचास. मी गाडीतून जाताना दोनदा पाहिलं. तुझी पाठ रस्त्याकडे आणि एक हात डोक्यावर. जेवताना तू हातातला घास तसाच धरून ठेवायला लागलास. कुणी मागून आलं की दचकायचास. "काय झालंय?" विचारलं की "नथिंग, वहिनी. लाँग सीझन." ते 'वहिनी' आता दार लावून घेतल्यासारखं ऐकू यायचं.

आणि मग तो सामना. ऑगस्टची दुपार, अंग भाजणारं ऊन. मी आणि तुझा दादा आलो होतो. पिचर म्हणून तुझा मित्र होता, रे नावाचा, ओक्लाहोमाचा तो धिप्पाड डावखुरा. डग आमच्यापासून थोड्या अंतरावर, पुढच्या रांगेत. सगळं स्टेडियम बॉलबरोबर मान वळवत होतं. त्याची मान हलत नव्हती. तो फक्त तुझ्याकडे बघत होता.

शेवटची इनिंग. तुम्ही एका धावेने पुढे, समोरच्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर. एक बॉल तुझ्या मागे गेला असता तर तो माणूस पळत 'होम'ला, शेवटच्या बेसवर, येऊन बरोबरी झाली असती. रेने बॉल टाकला तो तुझ्या कितीतरी आधी जमिनीवर आपटला आणि वेडावाकडा उसळला. कुठल्याही कॅचरकडून सुटला असता आणि कुणी नावं ठेवली नसती. तू गुडघ्यांवर पडलास आणि तो छातीवर घेतलास. मला तो आवाज वर ऐकू आला. बॉल तुझ्यासमोर पडला, तू त्याच्यावर हात ठेवलास, आणि उठलाच नाहीस. लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतला डग उठला, टोपी घातली आणि शांतपणे पायऱ्या चढून निघून गेला. जाताना त्याने मला ओळख दिली, मान झुकवून.

सामना तुम्ही जिंकलात. पार्किंगमध्ये तू आलास तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. दादा गाडी काढायला गेला आणि तू माझा दंड धरलास. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोललास. "रश्मीला शाळेत तूच सोड, वहिनी. आणायला पण तूच जा." मी म्हणाले, "मिलिंद, कोण आहे तो माणूस?" तू म्हणालास, "प्लीज."

त्यानंतर काही आठवड्यांतच टीव्हीवर तुझा फोटो आला. चौकशीत निष्पन्न झालं की या खेळाडूने बेसबॉलवर, आणि स्वतःच्या टीमच्या सामन्यांवरही पैसे लावले. बेसबॉलमधून कायमची बंदी. कुठल्याही टीममध्ये, बॉलच्या पिशव्या उचलायलाही नाही. बाबा हातातलं वर्तमानपत्र घडी करून बसले होते. बातमी संपली, हवामान सुरू झालं, तरी ते टीव्हीकडे बघत राहिले.

आपल्या हिरवळीवर कॅमेरे लागले. दादाचे ऑफिसातले लोक त्याच्याशी जपून बोलायला लागले. हे सगळं बाबांनी सोसलं. पण मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, एक गृहस्थ, ताटात श्रीखंड वाढून घेत, बाबांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "शेवटी कुठून आलेत, ते दिसतंच हो कधीतरी." बाबांनी ताट टेबलावर ठेवलं, कोट घातला, आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून ते तुझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तू घरी आलास की म्हणायचे, "गुड आफ्टरनून. प्लीज सिट डाउन." बाहेरच्या माणसाशी बोलतात तसं. आयुष्यभर त्यांच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारा तू, त्यांच्या इंग्रजीपुढे मान खाली घालून बसायचास.

आपलं भांडण अर्धवट राहिलं ते याच सुमारास, स्वयंपाकघरात. तू विस्कॉन्सिनला निघाला होतास. लाकूडसामानाच्या दुकानात नोकरी मिळाली होती, जिथे कुणी बेसबॉल बघत नव्हतं. मी चहा टाकला होता. तू सगळं सांगितलंस, म्हणजे मला वाटलं की सगळं. हिवाळ्यात फुटबॉलवर गंमत म्हणून सुरू झालं, सगळेच लावायचे. मग सवय लागली. मग डग आला, त्याच्यामार्फत आपल्याच टीमवर.

"पण नेहमी जिंकण्यावर, वहिनी. ऑलवेज टु विन. मी कधीच, नेव्हर वन्स, हरण्यावर लावले नाहीत. मग मी कुणाचं काय घेतलं?"

मी म्हणाले, "रोज लावायचास?"

"नाही. रोज नाही."

"मग ज्या दिवशी तू पैसे लावले नाहीस, त्या दिवशी तो काय समजायचा?"

तू कप खाली ठेवलास. मी लॅबमध्ये काम करते, मिलिंद. निगेटिव्ह रिपोर्टसुद्धा रिपोर्टच असतो, डॉक्टर त्यावरूनही पुढचं ठरवतात. कॅचर आज स्वतःच्या टीमवर लावत नाही, याचा अर्थ पिचरचा खांदा ठीक नाही. तू गप्प बसलास तरी तू त्याला सांगतच होतास. तुझ्या टीममधल्या माणसांच्या दुखण्याची बातमी तू विकत होतास, तोंड न उघडता.

तू जॅकेटची चेन लावलीस. मग म्हणालास, "मी तुला हा गेम फार चांगला शिकवला." हसायचा प्रयत्न केलास. चहा तसाच टाकून निघालास. दाराशी वळलास, काहीतरी बोलणार होतास. माझ्या मागे रश्मी उभी होती. तिच्याकडे पाहिलंस आणि नुसता हात हलवलास.

त्यानंतर तू वर्षातून दोनदा यायचास, बाबांसमोर बसायचास, आणि जायचास. मी जे बोलले ते खरं होतं. आजही मला तसंच वाटतं. पण तू दाराशी काय बोलणार होतास, ते मला आता कळलंय. ते सांगायला तुझा मित्र रे आला.

फ्युनरल होममध्ये आपली नेहमीची मंडळी होती, दर महिन्याला बुद्धवंदनेला जमणारी. त्रिसरण, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं शील म्हणताना माझे शब्द चुकले. चौकशीत तू काय बोलला असशील, काय लपवलं असशील, कोण जाणे, असं मनात आलं. तेवढ्यात मागच्या दारातून तो उंच माणूस आत आला. केस पिकलेले, डावा खांदा वाकलेला. मी रेला ओळखलं नाही. तो तुझ्यासमोर उभा राहिला, मग सरळ बाबांकडे गेला.

"सर, त्याने या उन्हाळ्यात तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "आता मला सांगावं लागतंय. मिलिंदला कुणी पकडलं नव्हतं."

बाबांनी त्याला शेजारची खुर्ची दाखवली.

"त्या ऑगस्टच्या सामन्यात डगच्या माणसांनी त्याला एक बॉल मागे जाऊ द्यायला सांगितलं होतं. एकच. नाही दिला तर काय, तेही सांगितलं होतं, तुमच्या नातीच्या शाळेचं नाव घेऊन. त्याने बॉल अडवला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विमानतळावर सोडलं. तो न्यूयॉर्कला बेसबॉल लीगच्या ऑफिसात स्वतःहून गेला, आणि सगळं सांगितलं. डगचं, आणि स्वतःचं. त्यांच्याकडे त्याच्याविरुद्ध एक कागद नव्हता, सर. मी त्याला म्हणालो होतो, फक्त डगचं सांग, स्वतःचं कशाला? कायमचा जाशील."

"मग?" बाबांनी विचारलं.

"म्हणाला, अर्धं सांगितलं तर तेही एक प्रकारे पैसे लावणंच होईल. आणि म्हणाला, माझे वडील माझ्या जागी असते तर तेही स्वतःहून गेले असते."

रेने पुढचंही सांगितलं. तू लीगकडे एकच मागणं मागितलंस, की तू आपणहून आलास हे बाहेर येऊ नये. चौकशीत सापडला असंच जाहीर करा. तू बोललास हे डगच्या माणसांना कळलं असतं तर त्यांना शॉमबर्गचा पत्ता ठाऊक होता. आता डग तुरुंगात आहे, दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यासाठी, आणि बरीच वर्षं राहील. म्हणून तू सांगायचं ठरवलं होतंस. उन्हाळ्यात, घरी येऊन.

म्हणजे आमच्या दारातून रोज शाळेला जाणारी मुलगी सुखरूप राहावी म्हणून तू पकडला गेलेला माणूस झालास. वर्तमानपत्रात, मंडळात आणि बापासमोरही. खोटं बोलला नाहीस. बोललाच नाहीस.

बाबा उठले. दादा त्यांना धरायला गेला, त्यांनी हात झटकला. तुझ्याजवळ जाऊन उभे राहिले. कितीतरी वर्षांनी ते तुझ्याशी मराठीत बोलले, तेही नागपूरच्या मराठीत, जी ते अमेरिकेत कधी बोलत नसत. "काहून नाही सांगितलं रे मले? काहून?" एवढंच पुन्हा पुन्हा. तुझा दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. रे खाली बघत होता, त्याला शब्द कळत नव्हते, पण हुंदका कुठल्याही भाषेत कळतो.

यानंतर जे झालं ते तुला सांगायला हवं, कारण ते तुझ्याबद्दल आहे आणि निर्णय आम्ही घेतला.

दुसऱ्या दिवशी दादा आणि बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. रे साक्ष द्यायला तयार आहे. वकील करायचा, लीगकडे अर्ज करायचा, मिलिंदवरची बंदी उठवा म्हणायचं. तो गेला, आता तरी नाव परत द्या. बाबा रेचा फोन नंबर कागदावर लिहीत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तरी मी म्हणाले, "बाबा, करू नका."

दादा म्हणाला, "तू त्याच्या बाजूची की त्यांच्या?"

"त्याच्याच. त्याने पैसे लावले होते, हे खरं आहे. खरं आहे म्हणून तो स्वतः गेला. शिक्षा काय आहे ते माहीत असून गेला. जे कुणी मागितलं नव्हतं ते त्याने त्यांच्या टेबलावर ठेवलं. आता आपण जाऊन म्हणायचं, परत द्या?"

"पण लोक काय समजतात त्याला!" बाबा म्हणाले.

"मग लोकांना सांगा. पण सगळं सांगा."

मी स्वयंपाकघरात गेले. तू इथे असतास तर माझ्या बाजूने बोलला असतास की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कदाचित तुला ते नाव परत हवं असेल. कदाचित रोज सकाळी लाकूडसामानाच्या दुकानाकडे जाताना तुला तेच हवं असेल. हे मी तुला कधी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही.

गेल्या रविवारी तुझ्यासाठी वंदना होती. सगळे जमले. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "माझा मुलगा मिलिंद जुगार खेळला." त्यांनी हा शब्द तुझ्या नावाबरोबर कधी उच्चारला नव्हता. मग त्यांनी डगचं सांगितलं, त्या बॉलचं सांगितलं, विमानतळाचं सांगितलं. रश्मी माझ्या शेजारी बसली होती, आता ती सगळं समजण्याएवढी मोठी आहे. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "इट वॉज मी?" मी म्हणाले, "नाही बाळा. तो माणूस." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्याही मुलीच्या चेहऱ्यावर येऊ नये.

तू इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आता एका दुपारीत हॉलभर माणसांना कळली आहे. ती त्यांच्यापाशी थांबणार नाही. डग आज ना उद्या सुटेल. त्याच्या माणसांपैकी कोण बाहेर आहे, आम्हाला ठाऊक नाही. बाबांना हे सगळं ठाऊक होतं आणि तरी ते बोलले. त्यांच्या शेजारी उभा राहून दादाने एकदाही त्यांना थांबवलं नाही.

शेवटी मागून कुणीतरी विचारलं, मग आता बंदी उठवायला अर्ज करणार असाल ना, काका?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांत माझ्यावरचा रागही होता, तो मला दिसला.

"नाही," ते म्हणाले. "ती त्याची त्यानं घेतली आहे."

आणि खाली बसले.